जुन्या संगणकासाठी चिप घेताना

घरातला आठ-दहा वर्षांचा संगणक कुरकुरायला लागला की दुकानदाराचं एकच सांगणं, "वहिनी, आता नवाच घ्या." मुलांना अभ्यासाला तर तो हवाच! पण आमच्या वाटूरसारख्या गावात पीक हाती येईपर्यंत एवढे पैसे आणायचे कुठून? अशा वेळी थोडी माहिती असली तर जुनी, वापरलेली चिप घेऊनही काम भागतं.

आधी दुखणं ओळखा. संगणकातला 'टास्क मॅनेजर' उघडा. मेमरी सतत भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकत असेल तर एसएसडी बसवावी. प्रोसेसरच दमत असेल तरच तो बदलायचा. पुष्कळदा पहिल्या दोन उपायांतच काम होतं.

मग जोडी जुळवा. इंटेलच्या आय-फाइव्ह ३४७० मधला पहिला आकडा ३, म्हणजे तो तिसऱ्या पिढीचा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला ११५५ नंबरचं सॉकेट लागतं, चौथीला ११५०. नंबर सख्ख्या बहिणींसारखे, पण एकीच्या डब्याला दुसरीचं झाकण बसत नाही! रॅमचंही तसंच. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही आणि लॅपटॉपची पट्टी आखूड असते. म्हणून मदरबोर्डाचा नंबर कागदावर लिहूनच बाजारात जावं.

आता भावाचं. कचेऱ्या आपले संगणक एकगठ्ठा विकतात, त्यामुळे जुने आय-थ्री, आय-फाइव्ह स्वस्तात मिळतात. त्याच सॉकेटचा सर्वांत वरचा आय-सेव्हन मात्र सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून महाग पडतो. एक पायरी खालचा घेतला तर पैसे वाचतात आणि घरकामाला फरकही जाणवत नाही. रॅमचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात जगभर चढले, कारण कारखान्यांनी माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे वळवला. तेव्हा जुना भाव मनात धरून जाऊ नका.

जालना, संभाजीनगर इथे दोन-तीन दुकानांत फोनवर विचारा. कुणी मुंबईला जाणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरचा भावही मागवा. प्रोसेसरमध्ये हलणारा भाग नसतो, त्यामुळे तो सहसा झिजत नाही. तरी दुकानातच चालवून बघावा. मदरबोर्डाच्या सॉकेटातल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, पाहावं. आठ दिवसांत बदलून देण्याचं पावतीवर लिहून घ्यावं. बसवताना पंख्याखालची पेस्ट नवी लावायला सांगावं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. त्याआधीच्या यंत्रावर फार पैसा ओतू नये. त्यावर फुकट मिळणारं लिनक्स घालून घ्यावं. मुलांचं लेखन-वाचन, टायपिंग त्यावर छान होतं. वाचलेल्या पैशांत वह्या-पुस्तकं येतील, ती वेगळीच!