नेट बांधले आहे, प्रशिक्षक द्या

बीदरजवळच्या कोळारपासून भालकी, औराद, बसवकल्याण आणि खाली आळंदपर्यंत गावागावात शाळेच्या मागे नाहीतर पाण्याच्या टाकीपाशी दोन खांब रोवलेले असतात. तूर-सोयाबीनच्या कामातून मोकळीक मिळाली की संध्याकाळी त्यांना नेट बांधले जाते. 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद जागा, चुन्याच्या रेघा, एक चेंडू आणि बारा गडी जमले की व्हॉलीबॉलचा खेळ सुरू. क्रिकेटचे मैदान गावाला परवडत नाही, हा तुकडा मात्र कुठेही निघतो. जत्रेला, गणपतीत, जयंतीला रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात आणि महाराष्ट्रातल्या उदगीर-निलंग्याचे संघ राज्याची हद्द ओलांडून येतात. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उदगीर-निलंगाही बीदर जिल्ह्यातच नांदत होते. कागदावर हद्दीची रेघ पडली, पण या मैदानावर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरे आजही एकमेकांना लिफ्ट देतात आणि एकत्र स्मॅश मारतात.

एवढा लोकप्रिय खेळ देशाच्या पातळीवर मागे का, याचे उत्तर गावात सापडणार नाही. ते संघटनेत आहे. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ 1951 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी आपला संघ मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत खेळला. आशियाई क्रीडा स्पर्धेत 1958 ला कांस्य, 1962 ला जकार्तात रौप्य, 1986 ला सेऊलमध्ये पुन्हा कांस्य मिळाले. सेऊलच्या त्या संघात केरळमधल्या पेरावूरसारख्या लहान गावचा जिमी जॉर्ज होता. इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळून त्याने नाव कमावले आणि 1987 मध्ये तिथेच अपघातात तो गेला. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेतले पदक आपल्या हाती आलेले नाही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 1964 पासून आहे, भारत तिथे एकदाही पोचला नाही.

या काळात महासंघात काय चालले होते? अंतर्गत भांडणांपायी आंतरराष्ट्रीय महासंघाने 2016 च्या अखेरीस भारताला निलंबित केले. ते निलंबन उठायला जवळपास दोन वर्षे गेली. 2011 ची इंडियन व्हॉली लीग, जिच्यात ‘मराठा वॉरियर्स’ हा संघही होता, एका हंगामात आटोपली. 2019 ची प्रो व्हॉलीबॉल लीगही एकाच हंगामाची ठरली आणि तिचा वाद कोर्टात गेला. 2022 मध्ये हैदराबादला सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग खाजगी पुढाकारातून उभी राहिली. खेळाडूंनी मात्र आपले काम केले. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत क्रमवारीत कितीतरी वर असलेल्या दक्षिण कोरियाला त्यांनी हरवले. पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची किंमत अशा मुलांनी का मोजावी, असा आमचा सवाल आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात पुरुषांची जागतिक क्लब स्पर्धा बेंगळुरूत झाली. कर्नाटकाला ते भूषणावह होते. पण बीदरच्या मुलाला बेंगळुरू सुमारे 700 किलोमीटर. त्याच्यासाठी सरकारी वाट म्हणजे दसरा क्रीडाकूट (दसऱ्यानिमित्तच्या क्रीडा स्पर्धा): तालुका, जिल्हा, कलबुर्गी विभाग आणि मग म्हैसूर. ही साखळी चांगली आहे, फक्त ती वर्षातून एकदा हलते. ब्लॉकला उडी कधी घ्यायची, सर्व्हिस उचलताना पाय कुठे ठेवायचे, हे अकराव्या-बाराव्या वर्षी रोज कुणीतरी दाखवावे लागते. तालुक्याला व्हॉलीबॉलचा कायम प्रशिक्षक असता तर हे झाले असते. मुलींची अडचण याहून मोठी. त्यांचे नेट 2.24 मीटरवर बांधायचे, पण संध्याकाळी मैदान पुरुषांनी अडवलेले असते. रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे गाजवल्या आहेत. या खेळातून मुलीला पगाराची नोकरी मिळते, हे इथल्या आई-बापांपर्यंत पोचवायला कुणी गेलेलेच नाही.

कलम 371 (जे) मुळे या भागाला कल्याण कर्नाटक विकास मंडळ मिळाले आहे. रस्ते, इमारती यांच्या यादीत त्याने औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या चार तालुक्यांसाठी एकेक प्रशिक्षक आणि मुलींसाठी राखीव वेळ असलेले एकेक मैदान घालावे. कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी एकत्र येऊन एक संघ पोसावा, खेळाडूला कामावर घ्यावे. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या राज्य संघटनांनी उदगीर-बीदर पट्ट्यात दरवर्षी एक मान्यताप्राप्त स्पर्धा भरवावी आणि तिथे निवड समितीचा माणूस पाठवावा. गावकरी वर्गणी काढून जे करत आले आहेत, त्याची नोंद झाली पाहिजे. पुढच्या दसरा क्रीडाकूटाआधी पहिल्या दोन प्रशिक्षकांची नेमणूक व्हायला काहीच हरकत नाही. जिल्हा क्रीडा खात्याने तसा प्रस्ताव मंडळाकडे याच महिन्यात पाठवावा.