यात्रेची सॅक कोणाच्या मापाची?

कार्तिकी पौर्णिमा आली की चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि महाराष्ट्रातील जैन घरांतही तीर्थवंदनेचे बेत ठरू लागतात. कोणी पालिताण्यास जातात, कोणी गिरनारला, कोणी सम्मेद शिखरजीस. लांबचा प्रवास ज्यांना झेपत नाही ते मांगीतुंगी किंवा कुंथलगिरी गाठतात. रेल्वेचे आरक्षण, धर्मशाळेतील खोल्या, डोलीचे दर यांची चौकशी महिनाभर आधीपासून चालते. घरातील स्त्री पाठीवर काय घेऊन डोंगर चढणार, याची चौकशी मात्र क्वचितच होते. निघण्याच्या आदल्या रात्री माळ्यावरून मुलाची महाविद्यालयातील जुनी सॅक खाली येते, झटकली जाते आणि तिच्यात अख्ख्या कुटुंबाचे पाणी, औषधे, अर्घ्याचे साहित्य, नातवाचा स्वेटर असे सर्व काही भरले जाते.

शिखरजीची वंदना म्हणजे 9 किलोमीटर चढ, टोंकांची 9 किलोमीटर परिक्रमा आणि 9 किलोमीटर उतार, असे एकूण 27 किलोमीटरांचे चालणे. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात जातात. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक आहेत. यांतील बराचसा मार्ग अनेक श्राविका अनवाणी चालतात, काही जणी उपवासात चालतात. अशा वाटेवर अर्ध्यात पोहोचताच खांदे भरून येतात, मान आखडते, पाठीच्या खालच्या भागात कळ येऊ लागते. मग ‘आता वय झाले’ असे स्वतःच म्हणून त्या मोकळ्या होतात. पुढच्या वर्षी डोली ठरते आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्या धर्मशाळेतच थांबतात. ज्यांना खरोखर डोलीची गरज आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. परंतु ज्या स्त्रीचे गुडघे आणि हृदय ठणठणीत आहेत, तिची पायी यात्रा केवळ न बसणाऱ्या पिशवीमुळे सुटत असेल, तर ते फार मोठे नुकसान आहे. दोष वयाचा किती आणि सॅकचा किती, हे एकदा तपासून पाहण्यास काहीच हरकत नाही.

खांदा हा भार वाहण्यासाठी फारसा सोयीचा अवयव नाही. पट्ट्यांवर लोंबकळणारे ओझे मान व खांद्यांच्या स्नायूंना दाबते आणि शरीराला मागे खेचते. तोल सावरण्यासाठी माणूस पुढे वाकतो आणि वाट दिसावी म्हणून मान वर उचलून धरतो. चार तास असे चालल्यावर मान दुखली नाही तरच नवल. चांगल्या सॅकमध्ये भाराचा मोठा वाटा जाड, गादीदार कंबरपट्ट्यावरून कमरेच्या हाडांवर उतरतो आणि तेथून पायांत जातो. खांद्यावरच्या पट्ट्यांनी सॅक फक्त पाठीला धरून ठेवायची असते. त्यासाठी सॅकच्या पाठीत थोडा ताठपणा, म्हणजे आत एखादी चौकट किंवा कडक पत्रा, असावा लागतो. लोळागोळा होणाऱ्या पिशवीला कितीही रुंद कंबरपट्टा शिवला तरी भार खांद्यावरच राहतो.

1952 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक घरीच बनवून विकण्यास प्रारंभ केला. कापडाची शिलाई त्यांच्या पत्नी नीना करीत. कंबरपट्टा प्रचारात आणण्याचे श्रेय केल्टी यांनाच दिले जाते. या व्यवसायाच्या आरंभीच्या शिलाईत असा एका गृहिणीचा हात असूनही खास स्त्रियांच्या बांध्याच्या सॅक बाजारात सर्रास मिळू लागण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली, ही गंमतीची आणि थोडी खेदाचीही गोष्ट आहे.

बांध्यातील फरक तरी कोणता? सर्वसाधारणपणे स्त्रीची पाठ पुरुषाच्या पाठीपेक्षा आखूड, खांदे अरुंद आणि कटिभाग रुंद असतो. त्यामुळे पुरुषी मापाची सॅक तिच्या पाठीवर चढवली की एकामागून एक अडचणी येतात. पाठीची लांबी जास्त असल्याने कंबरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली नितंबांवर घसरतो. तो ओढून वर बसवला तर खांद्याचे पट्टे खांद्यापासून उचलले जाऊन मध्ये पोकळी राहते. पट्ट्यांतील अंतर जास्त असल्याने ते खांद्यांच्या कडेला घसरतात, म्हणून दोन्ही हातांनी पट्टे धरून चालावे लागते. यात्रेच्या वाटेवर छातीजवळ दोन्ही मुठी आवळून चालणाऱ्या स्त्रिया दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. सरळ पट्टे छातीवर दाब देतात, तर स्त्रियांसाठी बनवलेल्या सॅकचे पट्टे वळण घेऊन छातीच्या बाजूने उतरतात. कंबरपट्टाही तिरका कापलेला असतो, जेणेकरून तो रुंद कटिभागावर वरपासून खालपर्यंत सारखा टेकावा.

दुकानदार मात्र पहिला प्रश्न विचारतो तो लिटरचा. किती लिटरची हवी? जणू सॅक म्हणजे पाण्याची टाकी! लिटरचा प्रश्न दुय्यम आहे. एका दिवसाच्या वंदनेस 20 ते 25 लिटरची सॅक पुरते. अनेक दिवसांच्या पदयात्रेत सामान स्वतःच वाहायचे असेल तर 35 ते 45 लिटर लागतात. छ’री पालित संघात यात्रिकांचे जड सामान वाहनातून जाते, तेथे लहान सॅकच पुरेशी. सर्वांत लहान सॅकना असलेली कंबरेची बारीक पट्टी भार पेलत नाही, ती फक्त सॅक हलू देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तीन-चार किलोंपर्यंत त्याने बिघडत नाही. त्यापुढे मात्र गादीदार पट्टाच हवा.

पहिला प्रश्न पाठीच्या लांबीचा असला पाहिजे. हे माप घरी शिवणकामाच्या टेपने घेता येते, फक्त दुसऱ्या कोणाची तरी मदत लागते. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी मणक्याचे एक हाड ठळकपणे वर येते. ते माप सुरू करण्याचे ठिकाण. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर, अंगठे पाठीकडे येतील असे ठेवावेत. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते तेथपर्यंत, कण्याच्या वळणावरून टेप सोडावा. अनेक प्रौढ स्त्रियांत हे माप 15 ते 18 इंचांच्या आसपास येते. उंचीवरून मात्र त्याचा अंदाज बांधू नये. पाच फूट उंचीच्या दोन सख्ख्या जावांची पाठ एकसारखी असेलच असे नाही. एकीचे पाय लांब असतात, दुसरीची पाठ. मोठ्या सॅकवर आतील चिठ्ठीत किंवा माहितीपत्रकात पाठीचे माप दिलेले असते, काहींत पाठ वर-खाली सरकवण्याची सोयही असते. शहरातील बॅग दुरुस्त करणारा कारागीर पट्टा आखूड करून देईल, बकल बदलून देईल. सॅकची पाठ आखूड करणे त्याच्या हातचे काम नाही.

गुलाबी किंवा जांभळा रंग म्हणजे स्त्रियांची सॅक, हा समज सोडून द्यावा. पुष्कळ ठिकाणी रंगच तेवढा बदललेला असतो. डॉयटर या जर्मन कंपनीच्या स्त्रियांसाठीच्या सॅकवर ‘एसएल’ अशी अक्षरे असतात, इतर कंपन्यांच्या आपापल्या खुणा असतात. पण चिठ्ठीपेक्षा पाठीवर विश्वास ठेवणे अधिक शहाणपणाचे. उंच, रुंद खांद्यांच्या स्त्रीला पुरुषांची सॅक उत्तम बसू शकते आणि ठेंगण्या पुरुषाला स्त्रियांची. त्यात संकोच कसला?

सॅक रिकामी घालून पाहणे म्हणजे चपला हातात धरून त्यांचे माप पाहण्यासारखे आहे. दुकानात पाण्याच्या बाटल्या, पुस्तके, जे मिळेल ते घालून चार-पाच किलो वजन करावे. सर्व पट्टे सैल सोडून सॅक पाठीवर घ्यावी. प्रथम कंबरपट्टा लावावा. त्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यावा आणि बकल बेंबीच्या खाली. मग खांद्याचे पट्टे, ते पाठीमागे पोकळी न राहता टेकतील इतकेच आवळावेत. खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे लहान पट्टे असतील तर ते हलकेच ओढावेत. छातीचा पट्टा सर्वांत शेवटी, गळ्याच्या हाडांच्या थोडा खाली, श्वास मोकळा राहील असा. यानंतर दहा-पंधरा मिनिटे दुकानात फिरावे आणि जिना असल्यास तो चढून उतरावा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्यावा. सवलतीची पाटी पाहून, किंवा सुनेने ऑनलाइन मागवली म्हणून, न घालता घेतलेली सॅक बहुधा माळ्यावर जाते. स्वस्त वस्तू वापरलीच नाही तर ती सर्वांत महाग पडते.

आपल्या वेशभूषेचा विचार परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. नऊवारी असो की सहावारी, निऱ्या खोचलेल्या जागेवर नेमके कंबरपट्ट्याचे बकल येते. परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीची गाठ पट्ट्याखाली आली तर तासाभरात तेथे वळ उठतो. गाठ बाजूला सरकवून, निऱ्या सपाट करून मगच पट्टा लावावा. म्हणूनच ज्या कपड्यात चढायचे, त्याच कपड्यात सॅक घालून पाहावी. पदर पिनेने पक्का करावा, मंगळसूत्र छातीच्या पट्ट्याखाली अडकू देऊ नये. उंच अंबाडा सॅकच्या झाकणावर आदळत राहतो आणि मान पुढे ढकलतो; त्या दिवसापुरती वेणी बरी.

आणखी एक बाब केवळ जैन ग्राहकालाच सुचेल. सॅक बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते, म्हणून ती निर्दोष असे आपण गृहीत धरतो. परंतु काही जुन्या धाटणीच्या सॅकचा तळ, आणि पुढे शिवलेला दोन चिरांचा चौकोनी तुकडा, खऱ्या चामड्याचा असतो. मंदिराच्या दारात हे लक्षात येण्यापेक्षा दुकानात विचारलेले चांगले. पूजेची वस्त्रे आणि अर्घ्याचे साहित्य वेगळ्या, धुता येईल अशा कापडी पिशवीत बांधून सॅकच्या वरच्या भागात ठेवावे. पादत्राणे बाहेरच्या जाळीत.

जड वस्तू पाठीला लागून, साधारण दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये येतील अशा ठेवाव्यात. पाण्याची बाटली बाहेरच्या टोकाला ठेवली तर तेच वजन अधिक मागे ओढते. उतारावर याचा फार फरक पडतो. शिखरजीच्या शेवटच्या 9 किलोमीटरांत पाय थकलेले असतात आणि डुलणारी सॅक प्रत्येक वळणावर शरीराला बाजूला ढकलते. तो धक्का गुडघ्यांना सोसावा लागतो. म्हणून उतरण्यापूर्वी पट्टे पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. हाडे ठिसूळ झालेल्या, किंवा पाठीची अथवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पाठीवर काहीही न घेता चालण्यात कमीपणा मानू नये.

राहता राहिला वजनाचा हिशेब. दिवसाच्या चालीत सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत असावे, असा साधारण दंडक आहे. 55 किलो वजनाच्या स्त्रीसाठी साडेपाच किलो. त्यातील एक किलो रिकाम्या सॅकचाच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामी असतानाच बहुधा चारशे ग्रॅमच्या पुढे भरते. चौघांचे गाळून उकळलेले चार लिटर पाणी एकीच्याच पाठीवर दिले की तिचा कोटा तेथेच संपतो. अपरिग्रहाचे व्रत मनोभावे पाळणाऱ्या बाईच्या सॅकमध्ये पुष्कळदा इतरांचाच परिग्रह भरलेला असतो! डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, तेथे काटा चोख चालतो. घरच्या सॅकला मात्र कोणी काटा लावत नाही. तो लावावा. भाजीच्या दुकानातील काटाही चालेल. प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाने घ्यावे, नातवाचा स्वेटर नातवाच्या बापाने. माळ्यावरची ती जुनी सॅकही काही वाया जात नाही. ती मुलाच्या मापाची आहे, मुलाच्या पाठीवर ती छान बसेल.