पैशाचा रोजमेळ लिहिता, निर्णयांचा कधी?

सांगलीचा हळदीचा व्यापारी असो की साताऱ्याचा कंदी पेढेवाला, जुना दुकानदार रोजमेळ लिहिल्याशिवाय शटर ओढत नाही. दिवाळी पाडव्याला नव्या वहीची पूजाही होते. पण ती वही किती आले, किती गेले एवढंच सांगते. "ओळखीचा आहे" म्हणून उधारी का दिली, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने का परत गेलं, हे तिच्यात नसतं. मग तीच चूक पुन्हा होते आणि भांडवल आपलंच अडकतं.

माझं मत स्पष्ट आहे : डायरी हा फावल्या वेळचा छंद नाही, तोही धंद्याचाच हिशेब आहे. आज रात्री रोजमेळाखाली दोनच ओळी लिहा. कोणता निर्णय घेतला? का घेतला? रविवारी आठवड्याच्या नोंदी एकत्र वाचा. उधारी कुठे आणि का अडकतेय, ते तुमच्याच अक्षरात दिसेल.