इथं एक हिटलर पाहिजे म्हणणाऱ्या दोस्तास

दोस्ता,

परवा तिसरी पाळी सुटल्यावर गेटाबाहेरच्या टपरीवर तू म्हणालास, "च्यायला, हितं एक हिटलरच पायजे. त्याबिगर ही लोकं सरळ व्हायची न्हाईत." पगार लांबलेला, कंत्राटदार तोंड चुकवतोय, फंडाचा पत्ता नाही. तुझा राग खरा होता. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहून चहा प्यालो.

घरी आलो तर झोप येईना. कारण हेच वाक्य मी पण बोललोय. अठरा वर्षांचा असताना फूटपाथवरनं साठ रुपयाला हिटलरचं पुस्तक घेतलं होतं, मराठीतलं. विकणाऱ्यानं ते भरतीच्या गाईडांना आणि बाबासाहेबांच्या चरित्राला खेटून मांडलं होतं. पुरतं वाचलं नाही, काखेत मारून मिरवलं मात्र वर्षभर. शून्यातनं आलेला माणूस, शिस्तीचा, इंग्रजाच्या नाकी नऊ आणणारा. मी पण शून्यातलाच. एवढ्यावर मी त्याला आपला मानला. भिंतीवर बाबा आणि काखेत हिटलर! आज आठवलं की कानशील तापतं. म्हणून हे लिहितोय. तुला शिकवायला नाही, त्या दिवशी टपरीवर गिळलेलं बाहेर काढायला.

आधी कामगार म्हणून बोलू.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चान्सलर झाला. जनतेनं त्याला डोक्यावर घेऊन बसवलं असं आपल्याला सांगतात. खोटं आहे. मोकळ्या निवडणुकीत त्याला कधीच निम्मी मतं मिळाली नाहीत. १९३२ च्या नोव्हेंबरात तर त्याची मतं घटून तेहतीस टक्क्यांवर आली होती. त्याला खुर्चीवर बसवला तो हिंडेनबर्ग आणि पापेनसारख्या वरच्या लोकांनी. त्यांना वाटलं, हा रस्त्यावरचा गडी आपण पाळू आणि लाल झेंडेवाल्यांवर सोडू.

मग आला १ मे. आपला दिवस. हिटलरनं काय केलं माहीताय? पगारी सुट्टी दिली! मोठ्ठा सोहळा केला, कामगारांचे गोडवे गायले. लोक खूश. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, २ मे १९३३ ला, देशभरच्या युनियन ऑफिसांत त्याची पोरं घुसली. पुढारी उचलले, पैसा जप्त केला, कागदपत्रं ताब्यात घेतली. संप बंद. पगारावर बोलणी बंद. सगळे कामगार सरकारी 'श्रम आघाडी'त, मालकासकट एकाच दावणीला. १९३५ पासून प्रत्येकाच्या नावाचं कामाचं पुस्तक निघालं. ते मालकाकडे राहायचं, आणि त्याच्याशिवाय दुसरीकडे काम मिळायचं नाही. आता सांग, तुझा लांबलेला पगार तू त्या राज्यात कुणाकडे मागितला असतास?

तू म्हणशील, पण त्यानं कामं दिली की! दिली. साठ लाख बेकार होते, ते कमी झाले. शस्त्रांचे कारखाने रात्रंदिवस चालू केल्यावर होणारच. पण बनवलेली शस्त्रं शोकेसमध्ये ठेवायला नसतात. १९३९ ला युद्ध काढलं, कामगार फ्रंटवर पाठवला, आणि त्याच्या जागी जिंकलेल्या देशांतली माणसं आणून जुंपली. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीत असे सत्तर लाखांच्या वर परके मजूर राबत होते. बहुतेक बळजबरीनं आणलेले. हाच तुझा हिटलरचा रोजगार.

आता जन्माचं बोलू. आपल्याला ते टाळून चालत नाही.

साठ लाख ज्यू मारले हे तू ऐकलंयस. त्यांच्याच बरोबर आणखी एक जमात मारली, तिचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. रोमा आणि सिंती. जग त्यांना जिप्सी म्हणतं. गावोगाव फिरणारे, घोडे विकणारे, भांडी दुरुस्त करणारे, वाजवणारे. हजारएक वर्षांपूर्वी ही माणसं हिंदुस्थानातनं निघाली आणि चालत चालत युरोपात पोचली. त्यांची भाषा आपल्या भाषांची चुलत बहीण. पाण्याला ते पाणीच म्हणतात. कानाला कान. माणसाला मानुष. हा शोध १७८० च्या दशकात जर्मन पंडितांनीच लावला.

आता गंमत बघ. आर्य, आर्य म्हणून बोंबलणाऱ्या राज्यात ज्यांची भाषा खरोखर हिंदुस्थानातनं आलेली, त्यांनाच मारायचं होतं. कसं जमवायचं? त्यासाठी विद्वान लागतो. तो मिळाला. डॉक्टर रॉबर्ट रिटर. १९३६ पासून बर्लिनच्या सरकारी संस्थेत बसून त्यानं आणि त्याच्या माणसांनी वस्त्या धुंडाळल्या. डोकी मोजली, डोळ्यांचे रंग टिपले, रक्त घेतलं, चर्चच्या जुन्या वह्यांतनं खापरपणजोबापर्यंत वंशावळी काढल्या. चोवीस हजारांच्या आसपास माणसांचे दाखले तयार केले. निष्कर्ष काय? हे मूळचे आर्यवंशातले असतील, पण वाटेत खालच्या लोकांत मिसळले. शेकडा नव्वदांहून जास्त संकराचे. आणि संकरातनं गुन्हेगार निपजतो.

वाच परत. ओळखीचं वाटतं ना? वर्णसंकराची भीती, आणि त्या संकरातनं जन्मला म्हणून ज्याला गावाबाहेर राहायला सांगितलं तो चांडाळ. मनूचा दहावा अध्याय आणि रिटरचा दाखला शेजारी ठेव. एकाच्या हातात दर्भ, दुसऱ्याच्या हातात मोजपट्टी, बाकी हिशोब तोच. बाबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जे जाळलं, त्याचं जर्मन भाषांतर रिटर लिहीत बसला होता असं मला वाटतं. आणि आपण, महाडची पोरं, त्याच्याच साहेबाला बोलावतोय!

गावकुसाबाहेरचं तर सांगायलाच नको. १९३६ ला बर्लिनमध्ये ऑलिंपिक होतं. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसायला हवं. म्हणून १६ जुलैला सहाशेच्या आसपास रोमा-सिंती उचलले, बायापोरांसकट, आणि शहराच्या कडेला मार्त्सान इथं नेऊन टाकले. जागा कसली? एका बाजूला मैल्याची शेतं, दुसऱ्या बाजूला मसणवटा. जागा निवडणाऱ्याला आपल्या गावच्या पाटलानं सल्ला दिला होता की काय!

एका माणसाची गोष्ट सांगतो. योहान ट्रोलमान. सिंती. बॉक्सर. रिंगणात पाय असे नाचवायचा की समोरच्याला ठोसा कुठं मारू ते कळायचं नाही. ९ जून १९३३ ला बर्लिनमध्ये जर्मन अजिंक्यपदाची लढत झाली. हा उघड उघड पुढे होता, तरी पंच निकाल देईनात. लोक खवळले तेव्हा झक मारत पट्टा दिला. पोरगा आनंदानं रडला. आठवड्याभरात पट्टा काढून घेतला. कारण काय, तर खेळ चांगला नव्हता, आणि रडणं मर्दाला शोभत नाही!

पुढच्या लढतीला दम दिला: नाचायचं नाही, जर्मनासारखं एका जागी उभं राहून लढायचं. २१ जुलैला ट्रोलमान रिंगणात आला तो केस सोनेरी रंगवून, अंगभर पीठ फासून. तुम्हाला गोरा आर्य पाहिजे ना, हा घ्या! आणि मधोमध उभा राहिला. ठोसे खात राहिला, पाचव्या फेरीत पडला. एकलव्यानं अंगठा गुपचूप दिला. ह्या पठ्ठ्यानं देता देता सगळ्यांच्या तोंडाला पीठ फासलं.

पुढे त्याला त्याच सरकारनं सैन्यात घातलं, फ्रंटवर पाठवलं. देशासाठी लढून आला तर १९४२ ला पकडून नोयएनगामेच्या छळछावणीत टाकला. तिथल्या पहारेकऱ्यांत त्याला ओळखणारा निघाला. दिवसभर मजुरी आणि संध्याकाळी त्यांच्या करमणुकीला ठोसे खायचे. तो परत आला नाही. पट्टा परत दिला जर्मन बॉक्सिंगवाल्यांनी. केव्हा? २००३ ला.

१६ डिसेंबर १९४२ ला हिमलरचा हुकूम निघाला आणि जर्मनीतल्या रोमा-सिंतींना ऑश्विट्झला धाडायला सुरुवात झाली. यादी शोधावी लागली नाही. रिटरची कपाटं भरलेली होती. हातावर नंबर गोंदला, नंबराआधी 'झेड'. त्या छावणीत तेवीस हजारांच्या आसपास माणसं घातली. बहुतेक मेली: भुकेनं, तापानं, मेंगेले नावाच्या डॉक्टरच्या हातून, गॅसनं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेली चार हजारांवर माणसं, म्हातारे, बाया, पोरं, एका रात्रीत गॅसच्या कोठडीत घातली. सगळ्या युरोपातले मोजले तर आकडा निदान अडीच लाख, आणि पाच लाखांपर्यंत जातो. नक्की आकडा नाही. ज्यांची माणसं म्हणूनच गणती नव्हती, त्यांची प्रेतं कोण मोजणार?

हिटलर ३० एप्रिल १९४५ ला मेला. वाटतं की झालं, सुटले. कसले सुटतात! रिटर युद्धानंतर फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून रुजू. शिक्षा शून्य. १९५६ ला पश्चिम जर्मनीच्या मोठ्या कोर्टानं सांगितलं की १९४३ च्या आधी ह्यांना हलवलं ते वंशावरून नव्हतंच, ते गुन्हेगारी वृत्तीचे म्हणून. म्हणजे नुकसानभरपाई नाही. हिटलर गेला, मोजपट्टी कोर्टात शिल्लक. शेवटी १९८० च्या इस्टरला काही सिंती दाखाऊच्या जुन्या छळछावणीत उपोषणाला बसले, तेव्हा जगाच्या कानावर गेलं. हा वंशसंहार होता, हे सरकारनं मान्य केलं १९८२ ला. सदतीस वर्षांनी.

तू म्हणशील, ते तिकडचं. आपल्या सोलापुरात सेटलमेंट आहे. नाव अजून तेच. इंग्रजानं १८७१ ला कायदा काढून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे इथं तारेच्या कुंपणात कोंडल्या. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत कुंपणात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. ती ऑश्विट्झ नव्हती, तिथं गॅस नव्हता, उगाच बरोबरी करणार नाही. पण जिन्याची पहिली पायरी तीच: जन्मावरून गुन्हेगार, मग वहीत नाव, मग हजेरी, मग तार. जर्मनी तो जिना शेवटपर्यंत उतरला. इंग्रजाला नमवला म्हणून तुला हिटलर आवडतो, पण गरिबाची यादी करायला दोघंही सारखेच हुशार.

आणि युनियन ऑफिसातल्या कॉम्रेडनं ह्यावर टाळ्या पिटू नयेत. ऑश्विट्झचं दार २७ जानेवारी १९४५ ला लाल सैन्यानं उघडलं, त्याला माझा सलाम. पण १९४४ च्या मे महिन्यात स्टालिननं क्रिमियातले तातार, जवळजवळ दोन लाख माणसं, दोन-तीन दिवसांत मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात फेकली. तातार म्हणून जन्मले, एवढाच गुन्हा. युद्ध जिंकलं म्हणून ती यादी धुऊन निघत नाही. चर्चिलच्या पुतळ्यापुढे वाकणाऱ्यांनीही १९४३ चा बंगाल आठवावा. तीस लाखांच्या घरात माणसं भुकेनं गेली, आणि लंडनचं मंत्रिमंडळ जहाजांचा हिशोब करत बसलं.

म्हणून दोस्ता, माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. हिटलर पाहिजे म्हणणारा प्रत्येक जण मनातल्या मनात हिटलरच्या बाजूला उभा असतो. स्टेजवर, नाहीतर निदान टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत. रांगेत स्वतःला कुणीच धरत नाही. ऑफिसातल्या साहेबाचा पोरगा हे बोलला तर मी समजू शकतो, त्याची जागा ठरलेली आहे. पण तू? ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली, ज्याला मालक कधीही गेटाबाहेर काढू शकतो, जो रागानं तोंड उघडतो, असा तू? यादी करायची म्हटली तर तुझं नाव तीन रकान्यांत बसतंय.

बाबांना हे दिसत होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की धर्मातली भक्ती असेल मुक्तीचा रस्ता, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. हे त्यांनी परक्यांना सांगितलं असं समजू नकोस. आपल्या पुढाऱ्यांच्या गाडीमागं पळणाऱ्या आपल्यालाही सांगितलं.

बर्लिनमध्ये पार्लमेंटाजवळ २०१२ पासून रोमा-सिंतींचं स्मारक आहे. पुतळा नाही, घोडा नाही, तलवार नाही. एक गोल कुंड, मधे तिकोनी दगड, दगडावर रोज एक ताजं फूल. बाकी नुसतं पाणी. काठावर उभा राहिलेला रोमा माणूस त्याला पाणीच म्हणत असणार. महाडच्या तळ्यावर आपल्या आज्यानं ओंजळ भरली तेव्हा तोंडात तोच शब्द होता.

मी ते पुस्तक रद्दीत घातलं नाही. ठेवलंय, माझी लाज म्हणून. पण परत टपरीवर तू तसं बोललास तर मी गप्प बसणार नाही. चहा खाली ठेवीन आणि सगळ्यांसमोर विचारीन: येऊ दे तुझा हिटलर. रांगेत तू कितवा?

जय भीम.