कढीपत्त्याची चार पानं

फुलपाखरं सगळ्यांनाच आवडतात, अळ्या मात्र कुणालाच नको असतात. आमच्या गोव्यात घरामागे कढीपत्ता नाहीतर लिंबाचं झाड असतंच. त्यावर अळी दिसली की लगेच औषधाचा पंप बाहेर येतो. आणि मग तीच मंडळी विचारतात, "हल्ली फुलपाखरं कमी झाली, नाही हो?"

आता ती अळी कोणाची, ते बघा. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही, अंगाला खाज आणत नाही. हिचंच पुढे बऱ्याचदा 'कॉमन मॉर्मन' होतं. काळे पंख, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि शेपटी. हा झाला नर.

मादीची तऱ्हा न्यारी. काही माद्या नरासारख्याच, काही 'कॉमन रोझ'सारख्या, तर काही 'क्रिमझन रोझ'सारख्या. ही दोन्ही रोझ ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि वेलातलं विष अंगात बाळगतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी बिनविषारी, नुसता वेष घेऊन वाचते! ओळखायची खूण सोपी आहे. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. पंख बघून फसाल, अंग बघून नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर, कचेरीत कारकून. दिवसभर अस्सल-नक्कल तपासणाऱ्या मला ही नक्कल फार भावते. आल्फ्रेड वॉलेसने १८६५ साली या माद्यांवर लिहिलं. २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ही सगळी किमया 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाची आहे. एवढं मोठं शास्त्र आपल्या परसात पान कुरतडत बसलेलं असतं, आणि आपण त्यावर औषध मारतो.

लिंबाची रोपं विकून पोट भरणाऱ्याचं नुकसान होतं, हे मान्य. त्याचा प्रश्न वेगळा. पण घरच्या झाडाला पुन्हा पालवी फुटते. शिवाय पक्षी आणि गांधीलमाश्या बऱ्याच अळ्या खातातच. आणि फवारलेली तीच पानं आपण आमटीच्या फोडणीत घालतो, त्याचं काय?

फुलपाखरांसाठी नुसती फुलझाडं लावून भागत नाही. फुलं ही त्यांची खाणावळ, बाळंतपणाची खोली म्हणजे कढीपत्ता. तेव्हा यंदा चार पानं अळ्यांच्या नावे सोडा. आपल्याला फोडणीपुरती उरतातच की!