आवळीतळीची पंगत

कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या छायेत सहकुटुंब भोजन करण्याची रूढी आपल्याकडे फार जुनी आहे. नवमीला कूष्मांडनवमी असेही म्हणतात व त्या दिवशी कोहळ्याचे दान सांगितले आहे. आवळीचे संस्कृत नाव धात्री. या शब्दाचा दुसरा अर्थ बालकाचे पोषण करणारी दाई किंवा माता. असे नाव असलेल्या वृक्षाखाली वर्षातून एकदा सर्व कुटुंबाने पानावर बसावे, ही योजना करणाऱ्यांची दृष्टी केवळ कर्मकांडाची नव्हती, असे आम्हांस वाटते.

हे दिवस येतात तेही अशा वेळी की दिवाळी नुकतीच सरलेली असते आणि गृहस्थाचा खिसा रिकामा झालेला असतो. त्यात अलीकडे मिळकतीची शाश्वती उरलेली नाही. कोणाची नोकरी कंत्राटी, कोणाच्या उभ्या पिकावर अवकाळी पाऊस, कोणाच्या मानेवर घराचे हप्ते. अशा वेळी घरात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, पैसा नाही, तेव्हा जाणेयेणे बंद, पाहुणा बंद, हसणेही बंद. दुसरा चारचौघांत उणेपणा दिसू नये म्हणून कर्ज काढून मुलाबाळांना दूरदेशी फिरवून आणतो आणि पुढले वर्षभर त्या कर्जाच्या चिंतेने कोणाशी धड बोलत नाही. पहिल्याला आपण विरक्त आहोत असे वाटते, दुसऱ्याला आपण रसिक आहोत असे वाटते. आमच्या मते दोघेही भयाचेच चाकर.

विरक्तीच्या नावाखाली घर सुतकी करणाऱ्यांनी गीतेचा सहावा अध्याय पुन्हा एकदा वाचावा. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगून भगवंत लगेच सतराव्या श्लोकात ज्याचा आहार व विहार युक्त आहे त्याच्याच दुःखाचा नाश होतो, असे म्हणतात. येथे विहार वर्ज्य म्हटलेला नाही. तो बेताचा असावा, एवढेच म्हटले आहे. आचार्यांनी भाष्यात विहार शब्दाचा अर्थ पायांनी चालणे असा दिला आहे. चालण्याला तिकीट पडत नाही, हे आचार्यांना सांगावयाचे नव्हते खरे, पण आम्ही ते सांगतो.

परंतु या विषयाचे खरे मर्म श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात आहे. अघासुराच्या जबड्यातून सुटलेली गोपबालके त्याच दिवशी यमुनेच्या वाळवंटात शिदोऱ्या सोडून बसली. कोणी पानांचे पात्र केले, कोणी फुलांचे, कोणी सरळ दगडावर वाढून घेतले. इतक्यात चरणारी वासरे दिसेनाशी झाली. वासरे म्हणजे त्या घरांचे धनच, तेव्हा मुले घाबरली. भगवंताने त्यांना सांगितले की जेवण थांबवू नका, वासरे मी आणतो. आणि हातातला घास तसाच घेऊन तो शोधास निघाला. काल्याच्या कीर्तनात आम्ही हा प्रसंग सांगतो तेव्हा श्रोत्यांचे लक्ष ब्रह्मदेवाच्या फजितीकडे असते. गृहस्थाने मात्र त्या हातातल्या घासाकडे पाहावे. वासरे हरवली नाहीत असे भगवंताने खोटे सांगितले नाही, आणि पंगतही मोडू दिली नाही.

कुटुंबप्रमुखाची नोकरी गेली असता तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि सायंकाळपर्यंत कोठेतरी बसून परत येतो, असे प्रकार आमच्या कानी आले आहेत. घरच्यांना सांगण्याचे धैर्य होत नाही. चार भिंतींत जे बोलवत नाही ते मोकळ्या रानात, हात धुऊन झाल्यावर, पुष्कळदा सहज बोलता येते. पत्नीला बहुधा ते आधीच उमगलेले असते. मुलेही आपण समजतो तेवढी अजाण नसतात.

ज्या घरी चूलच पेटत नाही त्या घराला आनंदाचा उपदेश करणे हा मात्र अधर्म होय. तेथे आधी शिधा पोचला पाहिजे. आवळीखाली जाताना शेजारच्या अडलेल्या कुटुंबाला बरोबर घ्यावे, त्यांनी काय आणले हे विचारू नये. काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात त्याचे कारण हेच की कोणाची भाकरी कोणती, हे ओळखू येऊ नये.

आणखी एक गोष्ट गृहस्थांना ऐकावी लागेल. वनभोजन म्हणून घरातल्या स्त्रीने पहाटे चारला उठून वीस माणसांचा स्वयंपाक करावयाचा आणि बाकीच्यांनी झाडाखाली लोळावयाचे, याला विहार म्हणत नाहीत. पिठले-भाकरी, ठेचा, दही व आवळ्याचे लोणचे एवढे पुरे. पुरुषांनी पाणी वाहावे, पाने मांडावी, उष्टी काढावी.

खर्चाचे म्हणाल तर दूर जाण्याचे कारण नाही. आवळी गावच्या शिवेवर किंवा देवळाच्या आवारात सापडते. थोडे लांब जावयाचे असेल तर आपली एस.टी. आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना 2022 साली तिच्यात मोफत प्रवास मिळाला, 2023 साली स्त्रियांना निम्मे भाडे झाले. ज्या आजीला गेल्या कित्येक वर्षांत कोणी घराबाहेर नेले नाही, तिला या निमित्ताने न्यावे. 2020 च्या आषाढीला संतांच्या पादुका बसने पंढरीस आल्या आणि लाखो माणसे घरी बसून राहिली. चार माणसांनी मिळून रस्त्याने चालणे हेही केवढे सुख आहे, ते त्या वर्षी सर्वांस कळले होते.

कार्तिकात ज्यांचे जमणार नाही त्यांनी मार्गशीर्षात पंढरीस यावे. त्या महिन्यात पांडुरंग राउळ सोडून चंद्रभागेच्या पात्रातील विष्णुपदावर राहावयास जातात, अशी आम्हां पंढरपूरकरांची श्रद्धा आहे. पलीकडेच गोपाळपूर. गावातील कुटुंबे शिदोरी बांधून, कोणी चालत, कोणी नावेतून, महिनाभर तेथे जात असतात. दर्शन घ्यावे, सावली पाहून पान मांडावे. पाणी मात्र घरून न्यावे.