स्त्रीमुक्तीचा अर्थ आणि बहिणीची सही

‘स्त्रीवाद’ हा शब्द कानी पडला की आमच्या पारावरची मंडळी बिचकतात. कोणी म्हणतो, हे शहरातल्या शिकलेल्या बायांचे थेर. कोणी म्हणतो, हे गोऱ्यांच्या मुलखातून आलेले खूळ. तिसरा म्हणतो, ह्याने घरे मोडतात. जी वस्तू पाहिलीच नाही तिला भूत समजून भिण्याची आपली खोड जुनीच आहे. म्हणून ह्या शब्दाची गाठ आज आम्ही वाचकांसमोर सोडून दाखवितो.

स्त्रीवादाचे म्हणणे थोडक्यात असे : बाळंतपण बाईस निसर्गाने दिले, पण तिचे दुय्यमपण माणसाने दिले. जे माणसाने रचिले ते माणसास मोडिता येते. ह्यात न समजण्यासारखे काय आहे? भिक्षुकशाही जेव्हा सांगत होती की तुमचा हलकेपणा देवाने नेमला आहे, तेव्हा आमच्या वाडवडिलांनी हाच सवाल केला होता. आज तोच सवाल आमच्या लेकी आम्हांस करीत आहेत. मग आमचा चेहरा का उतरावा?

हे परके खूळ म्हणणाऱ्यांनी आपला मुलूखच पाहावा. सावित्रीबाई फुले १८३१ साली जन्मल्या त्या नायगावी, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यात. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सिमोन द बोव्हार ह्या फ्रेंच बाईंचा जगभर गाजलेला ग्रंथ निघाला १९४९ साली. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली १८८२ साली. त्या पुस्तकास पाहून नाके मुरडणारे पुष्कळ निघाले. पण जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरिली. तेव्हा हे बियाणे घरचेच आहे.

आता घराकडे वळू. उसाची भांगलण कोण करते? हळदीच्या रानात कंबर कोणाची मोडते? कुंभाराच्या घरी माती चाळणे, मळणे, गोवऱ्या आणणे हे बाईचे. चाक मात्र पुरुषाचे. शेण, पाणी, चूल, लेकरे ही तर कामात धरीतच नाहीत! आणि सातबारा उघडला की नाव कोणाचे? राबणारी एक आणि मालक दुसरा, ह्या व्यवस्थेस आपण सावकारी म्हणत होतो. स्वतःच्या उंबऱ्याच्या आत तिला आपण संस्कार म्हणतो.

सातारा व सांगली ह्या मुलखात हा विचार पुस्तकात पडून राहिला नाही. वाळवे तालुक्यातील कासेगावच्या इंदुताई पाटणकर ह्या प्रतिसरकारच्या लढ्यातील बाई. त्यांची सून गेल ऑम्व्हेट ह्या अमेरिकेत जन्मल्या. १९७३ साली त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, १९८३ साली ह्या देशाच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावीच वारल्या. ह्या सासूसुनांनी व त्यांच्या सोबतिणींनी स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळ बांधिली आणि नवऱ्याने टाकलेल्या बायांचा प्रश्न वेशीवर टांगला. टाकलेली बाई माहेरी येते, भावाच्या रानात मरमर राबते, आणि रेशनकार्डावरही तिचे स्वतंत्र नाव नसते. चळवळीने तिच्यासाठी दया मागितली नाही. कार्ड, घर आणि जमीन मागितली. स्त्रीवाद म्हणतात तो हाच.

कायदा आज लेकीच्या बाजूस उभा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायदा सुधारून वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबर हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो हक्क साऱ्या देशात लागू झाला. त्या तारखेस बाप हयात नव्हता ही सबबही चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी ह्याने मोडत नाही.

पण कायद्याची वाट हक्कसोडपत्रापाशी अडते. बाप वारला की दिवस होतात न होतात तोच बहिणीस गाडीत घालून नोंदणी कचेरीत नेतात. कागद कोणी वाचून दाखवीत नाही. अंगठा किंवा सही घेतात, साडीचोळी करितात, आणि गावात सांगतात, ‘आमच्या ताईने हसत सोडले.’ सही दिली नाही तर माहेर तुटेल ही भीती तिच्या पोटात असते, हे भावास चांगले ठाऊक असते.

आमचे बांधव म्हणतील, रान आधीच थोडे, त्यात बहिणीस वाटा दिला तर खावे काय? ही अडचण खरी आहे. आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण तीन भाऊ असले तर धाकट्यास कोणी म्हणते काय, की रान थोडे आहे, तू सही दे? बहिणीच्या लग्नाचा खर्च काढाल, तर भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोणी वजा केला? रान थोडे असण्याचे दुखणे साऱ्या भावंडांचे आहे. त्याचे औषध एकट्या बहिणीनेच का प्यावे?

बहिणीने समजूनउमजून, खुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण आधी तो तिच्या नावावर लागू द्या. जे हाती आलेच नाही ते सोडले, असे म्हणणे म्हणजे थट्टा आहे. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढिले तर ते चार गुंठेच तिला उभे राहावयास जागा देतील. साडीचोळी देणार नाही.

तेव्हा वाचकहो, स्त्रीवाद म्हणजे काय हे विद्वानास विचारू नका. तलाठ्याकडून आपल्या जमिनीचा उतारा आणा, दिवाबत्तीच्या वेळी घरातल्या बायांस मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यात आपल्या बहिणीचे नाव शोधा. नसेल तर का नाही, ह्याचे उत्तर तिच्या तोंडाकडे पाहून द्या. उत्तर देताना मान खाली गेली, तर स्त्रीवाद आपणांस समजला असे आम्ही धरून चालू.